निरगाठ की सुरगाठ?

पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसण्याचा प्रसंग तुमच्यापैकी किती जणांवर आला आहे? लाजू नका, सगळ्यांवर येतो. सकाळची घाई असते, रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असतात आणि नेमकं नाडीचं चुकीचं टोक ओढलं जातं. गाठ सुटायच्या ऐवजी आणखीच आवळते. मग "आईऽऽ!" अशी आरोळी. आई पोळी तव्यावर टाकून येते आणि नखांनी टोकरून टोकरून ती गाठ सोडवते. वर दोन शब्द ऐकावे लागतात ते वेगळेच.

आजीला विचारा, ती सांगेल की गाठी मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक निरगाठ. ती कितीही ओढा, सुटत नाही. दुसरी सुरगाठ. तिचं एक टोक ओढलं की सर्रकन मोकळी होते. पोत्याला पक्का दोर बांधायचा तर निरगाठ. बुटाच्या नाडीला सुरगाठ. कुठे कुठली मारायची हे ज्याला कळलं, त्याची निम्मी कामं सोपी झाली म्हणून समजा.

आज या दोन गाठी बरोबर घेऊन आपण समुद्राच्या पोटात उतरणार आहोत. झालं असं, की माझा आठवीतला भाचा परवा माझ्याकडे आला होता. मालवणच्या समुद्रात पाण्याखाली काढलेला माझा एक फोटो त्याच्या हाती लागला. पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काचेचा मास्क, पायात बदकाच्या पंजांसारखे फिन्स आणि हातात टॉर्च. फोटो त्यानं अगदी डोळ्यांजवळ नेला आणि खो खो हसत सुटला.

"मावशी, बालवाडीतल्या पोरांना पाण्याची बाटली अडकवून देतात, तसा तुला टॉर्च बांधून दिलाय!"

"बांधलाय खरा," मी म्हटलं, "पण तो मी स्वतः बांधलाय. आणि का बांधलाय, त्याच्यामागे माझी एक फजिती आहे."

फजिती म्हटल्यावर स्वारी लगेच मांडी ठोकून बसली. तुम्हीही बसा.

आधी थोडं स्कूबाबद्दल. पूर्वी पाणबुड्या समुद्रात उतरला की त्याला बहुधा वरच्या बोटीतून नळीनं हवा पुरवावी लागे. नळी पोचेल तिथपर्यंतच त्याची धाव. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो हे नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हे इंजिनिअर या दोघांनी मिळून एक झडप तयार केली. पाणबुड्यानं श्वास आत ओढला की पाठीवरच्या टाकीतून त्याला लागेल तेवढीच हवा, लागेल तेवढ्याच दाबानं ती देई. नळीचं दावं तुटलं आणि माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला. आज आपल्या सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीला कितीतरी लोक असे पाण्याखाली उतरतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे.

आता एक गंमत लक्षात घ्या. पाण्याखाली तोंडात श्वासाचं साधन धरलेलं असतं, त्यामुळे बोलता येत नाही. सगळं बोलणं हातांनी. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. नुसता अंगठा वर केला की आपण वर म्हणतो तसं 'झकास' नव्हे हं! त्याचा अर्थ 'वर चला'. म्हणजे पाणबुड्याचे हात हेच त्याचं तोंड. शिवाय कानात दडे बसले की नाक चिमटीत धरायचं ते हातानं. अंगातल्या जाकिटात हवा भरायची, सोडायची ती हातानं. टाकीत हवा किती उरली ते दाखवणारं घड्याळ उचलून बघायचं तेही हातानं. आणि हात तर आपल्याला दोनच!

अशा हातांत आणखी वस्तू येतात. कुणाकडे कॅमेरा, कुणाकडे लिहायची पाटी आणि पेन्सिल, कुणाकडे टॉर्च. "दिवसाढवळ्या टॉर्च कशाला?" हा प्रश्न भाच्यानंही विचारला. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सगळ्यांत आधी गिळून टाकतं. पाच-दहा मीटर खाली गेलं की लालभडक वस्तूसुद्धा मळकट, करडी दिसते. खाली बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं! टॉर्च पाडला की सगळे रंग एकदम जागे होतात. करडा वाटलेला खडक पिवळ्या-केशरी-जांभळ्या रंगांनी भरून जातो. म्हणून टॉर्च.

तर त्या दिवशी मी साधारण आठ मीटर खोल होते. म्हणजे तीन मजली इमारतीच्या उंचीएवढं पाणी डोक्यावर. पोहण्याचा आणि स्कूबाचा पहिला अभ्यासक्रम मी पुरा केलेला होता, बरोबर आमचे शिक्षकही होते. टॉर्चला मनगटात अडकवायची दोरी होती. पण ती घड्याळाला सारखी अडकत होती, म्हणून मी ती काढून टाकली होती. "एवढा मुठीत तर धरलाय, जाणार कुठे?" असं मनात म्हटलं. हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी म्हटलेलं असणार.

खडकाच्या एका कपारीतून ईल मासा डोकावत होता. तोंड उघडायचा, मिटायचा. जणू मला काही सांगतोय! मी टॉर्च त्याच्याकडे वळवला आणि त्याच वेळी कान दुखले म्हणून नाक धरायला हात वर नेला. कुठला हात? अर्थातच टॉर्चचा! मूठ उघडली आणि टॉर्च निसटला.

मी लगेच हात पुढे केला. समोरच तर होता! पण बोटांत नुसतं पाणी आलं. याचं कारण तुम्ही शाळेत शिकला आहात किंवा शिकणार आहात. पाण्यातून येणारा प्रकाश मास्कच्या काचेतून आतल्या हवेत शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्याखाली चार हातांवरची वस्तू आपल्याला तीनच हातांवर आहे असं वाटतं. माझा हात तीन हातांपर्यंत गेला, टॉर्च चौथ्या हातावर!

टॉर्च खडकाच्या पलीकडच्या उतारावरून घरंगळत खाली निघाला. पेटलेलाच होता. त्याचा उजेड गोल गोल फिरत खाली जाताना दिसत होता. आणि मी काय केलं? डोकं खाली, पाय वर, जोरजोरात फिन्स मारत त्याच्यामागे सुटले. बरोबर कोण आहे, किती खोल जायचं ठरलंय, हवा किती आहे, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. डोक्यात एकच : माझा टॉर्च!

कानात कुणीतरी सुई टोचावी तशी कळ आली. तेवढ्यात माझा एक पाय मागून कुणीतरी घट्ट धरला. घाबरून वळले, तर आमचे शिक्षक. त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर पंजा धरला. थांब. मग माझं हवेचं घड्याळ उचलून मलाच दाखवलं. तीनेक मिनिटांत काटा चक्क वीस आकड्यांनी खाली आला होता. घाबरून आणि धापा टाकून मी हवा पाण्यासारखी उडवली होती. मग त्यांनी अंगठा वर केला. आम्ही सावकाश वर आलो. टॉर्च गेला तो गेलाच.

बोटीत आल्यावर माझं तोंड एवढंस्सं झालेलं. ते मालवणीत म्हणाले, "ताई, टॉर्च बाजारात गावतलो. माणूस गावूचो नाय." म्हणजे टॉर्च बाजारात दुसरा मिळेल, माणूस मिळायचा नाही. बस्स, एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं!

मग त्यांनी स्वतःचं जाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि एकेक वस्तू कशी बांधली आहे ते दाखवलं. तोच धडा आता तुम्हाला देते.

तुम्ही पोस्टात किंवा बँकेत दोरीनं बांधलेलं पेन पाहिलं असेल. ते पेन हातातून सुटलं तरी टेबलापासून लांब जात नाही. पाण्याखालच्या वस्तूची पहिली गोष्ट तीच. हातातून सुटली तरी आपल्यापासून सुटता कामा नये. पण बँकेतल्या पेनाची गाठ सोडायची वेळ कुणावर येत नाही. पाणबुड्यावर मात्र येते, आणि ती एकदम येते. समजा, टॉर्चची दोरी खडकात अडकली. किंवा कोळ्यांच्या तुटून वाहात आलेल्या नायलॉनच्या जाळ्यात गुंतली. ही जाळी पाण्यात जवळजवळ दिसत नाहीत. आता ज्या दोरीनं टॉर्च तुम्हाला बांधला, तीच दोरी तुम्हाला समुद्राला बांधते! अशा वेळी टॉर्च क्षणात सोडून देता आला पाहिजे. एका हातानं आणि न बघता, कारण छातीवरचा हूक मास्कमधून नीट दिसतच नाही.

म्हणजे काय पाहिजे? न सुटणारी गाठ पाहिजे आणि सुटणारीही पाहिजे. निरगाठ की सुरगाठ? उत्तर आहे, दोन्ही!

ते असं. टॉर्चच्या मागच्या भोकातून एक बळकट नायलॉनची दोरी ओवायची. तिच्या दुसऱ्या टोकाला एक हूक. या दोन्ही ठिकाणी निरगाठ. ही कधीच सुटायची नाही. जाकिटाच्या खांद्याजवळ इंग्रजी डी अक्षरासारखी स्टीलची कडी असते. तो हूक त्या कडीत अडकवायचा. ही झाली आपली सुरगाठ. हूक कुठला, तर बोल्ट स्नॅप. नाव नवीन वाटलं तरी वस्तू तुम्ही पाहिलेली आहे. कुत्र्याच्या साखळीला पट्ट्याजवळ जो हूक असतो ना, अंगठ्यानं खिट्टी मागे ओढली की उघडणारा, तसाच. खिट्टी मुद्दाम ओढल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नाही. आणि ओढायला एक अंगठा पुरतो.

तुमच्यातले गड चढणारे वीर म्हणतील, "आमचा कॅराबिनर काय वाईट आहे?" कड्यावर तो उत्तमच. पण साध्या कॅराबिनरचं दार बाहेरून दाबलं की आत उघडतं. पाण्याखाली एखादी दोरी किंवा जाळ्याचा धागा त्याच्यावर घासला, तर तो दार ढकलून आपोआप आत जाऊन बसतो आणि दार मागे बंद! उंदीर पिंजऱ्यात शिरतो तसं. आपण काही अडकवलेलंच नसतं, तरी अडकतो. म्हणून अनुभवी पाणबुडे साध्या कॅराबिनरला चार हात लांब ठेवतात.

आणखी एक बारकावा. हूक थेट टॉर्चच्या धातूच्या कडीत का नाही अडकवायचा? मध्ये दोरीच का? कारण समुद्राचं पाणी खारट. हूक गंजला, त्यात वाळू अडकली, खिट्टी हलेनाशी झाली, तर? दोरी असेल तर पाणबुड्या जवळचा छोटा चाकू काढून ती कापू शकतो. धातूला धातू जोडला तर चाकू काय करणार? म्हणजे सुरगाठ अडलीच, तर निरगाठ तोडायचीही सोय हवी. किती पुढचा विचार, पाहिलंत?

आता वस्तूचा स्वभाव ओळखायला शिकू. पाण्यात सोडली तर ती बुडते की तरंगते? माझा टॉर्च बुडणारा होता. त्याच्यामागे माणूस खाली ओढला जातो. पण काही छोटे कॅमेरे त्यांच्या डब्यासकट तरंगतात. ते निसटले की भसकन वर. त्याच्यामागे जावंसं वाटणं हे आणखी वाईट. का, ते ऐका. वर आपल्यावर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब दहा मीटर खाली असतो. तिथे एखाद्या फुग्यात एक लिटर हवा भरून तोंड बांधलं आणि तो वर आणला, तर दाब निम्मा झाल्यामुळे तीच हवा दोन लिटर जागा मागते. आपली फुप्फुसं म्हणजेही फुगेच की. खाली भरून घेतलेला श्वास कोंडून धरून कुणी घाईघाईनं वर आला, तर फुप्फुसांना इजा होते, जिवावरही बेततं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम : श्वास कधीही कोंडायचा नाही. आणि वर यायचं ते सावकाश, मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगानं नाही. निसटलेल्या कॅमेऱ्यामागे धावणाऱ्याला हे दोन्ही नियम आठवतील का? मला तर त्या दिवशी एकही आठवला नव्हता.

म्हणून कॅमेराही बांधायचा. त्याला जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी पिळाची दोरी वापरतात. फोटो काढताना ती लांब होते, सोडली की आखडून जवळ येते. पाण्यात उडी मारताना तर कॅमेरा हातात घ्यायचाच नाही, कारण तेव्हा एक हात मास्कवर आणि तोंडातल्या साधनावर दाबून धरायचा असतो. आधी माणूस पाण्यात, मग बोटीवरच्यानं कॅमेरा खाली द्यायचा. वर येताना याच्या उलट : आधी कॅमेरा बोटीत, मग माणूस.

इथवर ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे जी वस्तू दिसेल ती बांधून टाकायची!"

नाही ना! इथेच तर खरी मेख आहे. पाणबुड्यांजवळ एक लांबट, भडक केशरी रंगाचा फुगा असतो. वर यायच्या आधी तो खालूनच हवेनं भरून सोडतात. त्याच्या दोरीचं रीळ पाणबुड्याच्या हातात असतं. फुगा पाण्यावर उभा राहिला की बोटवाल्याला कळतं, इथे खाली माणूस आहे, पंखा जपून चालवा. आता हे रीळ जाकिटाला किंवा मनगटाला बांधून ठेवलं तर? फुगा वर जाताना फुगत जाणार, फुगत जाणार, आणि रीळ मध्येच अडकलं तर पाणबुड्यालाही घेऊन वर सुटणार! म्हणून फुगा सोडताना रीळ नुसतं हातात धरायचं. ओढ लागली की सोडून द्यायचं. गावाकडच्या मुलांना हे समजावून सांगायला नको. बैलाचा कासरा हाताला गुंडाळू नये, असं त्यांचे आजोबा सांगत आलेच आहेत. बैल उधळला तर कासरा सोडता आला पाहिजे.

तेव्हा बांधण्याआधी तीन प्रश्न. ही वस्तू सुटली तर बुडेल की तरंगेल? मी बांधलेली गाठ आपोआप सुटणार नाही ना? आणि मला हवी तेव्हा ती एका हातानं सोडता येईल ना? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या दोघांची उत्तरं कितीही चांगली असोत, पाण्यात उतरायचं नाही.

बांधलेली वस्तू लोंबकळत ठेवायचीही नाही बरं का. हवेचं घड्याळ, जादा नळी, टॉर्च अशा वस्तू अंगाखाली लोंबत राहिल्या तर पाणबुड्या पुढे जातो आणि त्या मागून तळावर फरफटत येतात. तळावर काय असतं? प्रवाळ. दिसायला दगड, पण तो असंख्य चिमुकल्या जिवांनी बांधलेला वाडा आहे. काही गोल, मोठी प्रवाळं वर्षाला फक्त काही मिलिमीटर वाढतात. म्हणजे तुमच्या मुठीएवढा तुकडा व्हायला कित्येक वर्षं, आणि लोंबणाऱ्या घड्याळाच्या एका फटक्यात तो खलास! म्हणून प्रत्येक वस्तू अंगालगत चिकटून बसली पाहिजे. त्यासाठी महागडं काही लागतं असंही नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बांगडीएवढ्या चकत्या कापून त्या पट्ट्यावर चढवतात आणि टॉर्च त्यात खोचतात. तुमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे पाणबुड्याचं सामान मिळतं, हे त्याला सांगून बघा!

आता तुम्हाला वाटेल, या सगळ्या चुका आमच्या मावशीसारख्या नवशिक्यांच्या. तर एक गोष्ट सांगते. अमेरिकेत ह्यूस्टनला अंतराळवीरांसाठी एक प्रचंड तलाव आहे, सुमारे १२ मीटर खोल. अंतराळात काम करण्याचा सराव ते या पाण्याखाली करतात, कारण पाण्यात तरंगताना वजन नसल्यासारखं वाटतं. तिथे त्यांना हत्यार दोरीनं बांधायचं, मगच वापरायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून शिकवतात. तरीसुद्धा १८ नोव्हेंबर २००८ रोजी अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना हायडमरी स्टेफॅनिशिन-पायपर यांच्या हत्यारांच्या पिशवीत वंगण सांडलं. ते पुसण्याच्या नादात ती पिशवी निसटली आणि लांब लांब गेली. पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये वातावरणात शिरून जळून गेली. १ नोव्हेंबर २०२३ रोजी पुन्हा एक हत्यारांची पिशवी अशीच हरवली. पण एक पाहा. पिशव्या गेल्या, अंतराळवीर गेले नाहीत. कारण पिशवीमागे कुणी झेप घेतली नाही. उरलेल्या सामानावर काम उरकून ते सुखरूप आत परतले.

आणि आता, मित्रमैत्रिणींनो, समुद्र आणि अंतराळ सोडून आपल्या गावच्या नदीवर येऊ. तुमच्यापैकी स्कूबाला जाणारे थोडेच असतील. जायचं असेल तर दहा वर्षं पुरी झाल्यावर, घरच्यांना सांगून आणि रीतसर शिक्षकाबरोबरच. पण नदी, ओढा, धरण, विहीर, समुद्राचा किनारा यांच्याजवळ तुम्ही सगळेच जाता. पायातली चप्पल वाहून जाते. चेंडू पाण्यात पडतो. हल्ली तर आईबाबांचा मोबाइल फोटो काढताना हातातून सटकतो. आणि पोटात धस्स होतं. "आता घरी काय सांगू?" या एका भीतीनं मुलं पाण्यात उतरतात. चप्पल दोन हातांवर दिसते. पण आठवतंय ना, पाणी डोळ्यांना फसवतं? काठावरून बघताना तर तळ खरा असतो त्यापेक्षा वर दिसतो. गुडघाभर वाटलेलं पाणी कमरेच्या वर असतं. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. त्या मी इथे सांगत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

म्हणून आज एवढंच कबूल करा. पाण्यात गेलेल्या वस्तूच्या मागे जायचं नाही. ती चप्पल असो, चेंडू असो की हजारो रुपयांचा फोन असो. आणि कुणी माणूसच पडलं, तर मोठ्यानं ओरडून मोठ्या माणसांना बोलवा, काठावरूनच दोर, काठी, ओढणी, रिकामा डबा असं काहीतरी त्याच्याकडे टाका. स्वतः उडी टाकू नका.

आईबाबांनाही एक विनंती. हा लेख तुम्हीही वाचत असालच. मूल ओल्या डोळ्यांनी येऊन "चप्पल वाहून गेली" म्हणालं, तर त्या दिवशी रागावू नका. चप्पल गेली आणि मूल घरी आलं, म्हणजे त्यानं बरोबर निवड केली आहे. रागावलात, तर पुढच्या वेळी ते चपलेमागे जाईल.

करून पाहा

१) एक बादली पाणी घ्या. स्टीलचा चमचा, मेणबत्तीचा तुकडा, खोडरबर, प्लॅस्टिकचं झाकण, किल्ली, लाकडी पट्टी अशा वस्तू गोळा करा. पाण्यात टाकायच्या आधी कागदावर लिहा : बुडेल की तरंगेल? मग टाकून पाहा. दहापैकी किती बरोबर आले? आता औषधाची रिकामी छोटी प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिच्यात थोडं थोडं पाणी आणि थोडी वाळू घालून झाकण घट्ट लावा. बुडणारही नाही आणि वरही येणार नाही, अशी ती मध्येच ठेवता येते का बघा. सोपं नाही! पाणबुड्या स्वतःला आणि आपल्या कॅमेऱ्याला असंच मध्ये तोलून ठेवायचा प्रयत्न करत असतो.

२) वीतभर सुतळीच्या एका टोकाला निरगाठीनं पेन बांधा. दुसरं टोक शर्टाच्या बटणाच्या काजात ओवून त्याला सुरगाठ मारा. आता उजव्या हातात हिवाळ्यातला हातमोजा घाला, डोळे मिटा आणि एकाच हातानं पेन मोकळं करा. मित्राला वेळ मोजायला सांगा. पाच सेकंदांच्या आत जमलं तर शाब्बास. जमलं नाही आणि निरगाठ बसली, तर... आईला हाक मारा!

भाच्यानं हा प्रयोग माझ्यासमोर केला. पहिल्यांदा एक मिनिट लागलं आणि बटण तुटलं. चौथ्या वेळी तीन सेकंद. जाताना माझ्याकडचा तो फोटो मागून घेऊन गेला. त्याच्या मागे त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय : "टॉर्च बाजारात गावतलो."

तुम्हाला किती सेकंद लागले, ते मला पत्रानं जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात आपण एका खारट प्रश्नाचा माग काढू : समुद्रातल्या माशांना तहान लागते का? तोपर्यंत विचार करून ठेवा, आणि हो, नाडीचं बरोबर टोक ओढा!

तुमची,
मावशी